बधीर करायच्या आधी

गाडीच्या मागच्या सीटवर कुणीतरी येऊन बसलं, दार ओढून घेतलं आणि म्हणालं, "चला. जरा लवकर घ्या, पेशंट तोंड उघडून बसलाय."

ती ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर होती. ड्रायव्हरची सीट रिकामी होती. बाहेर पाऊस भुरभुरत होता, काचांवर वाफ धरली होती आणि सकाळचा विद्यार्थी ताप आलाय म्हणून कळवून मोकळा झाला होता. गाडी शिकणाऱ्यांना ताप बहुधा पावसाच्या दिवशीच येतो. तिने मान वळवून पाहिलं. मागे एक उंच माणूस ओली छत्री दोन्ही गुडघ्यांत धरून, स्वतःच्या घरात बसावं तसा बसला होता.

"ड्रायव्हर कुठे गेलाय?" त्याने विचारलं.

"अजून शिकतोय," ती म्हणाली.

तो पुढे वाकला. तिच्या पायाशी असलेला जादा ब्रेक त्याला दिसला, आणि काचेवर चिकटवलेली शिकाऊंची खूणही. "म्हणजे ही टॅक्सी नाही?"

"नाही."

"टपावर पाटी आहे."

"पाटीवर ड्रायव्हिंग स्कूल लिहिलंय. पाटी वाचायची असते."

"मी मागून आलो. मागून कोरी आहे," तो म्हणाला आणि हसला. त्याचं हसणं असं होतं की, चूक त्याची असून तिलाच क्षणभर वाटलं, पाटी मागूनही रंगवून घ्यायला हवी होती.

त्याला उतरवणं सोपं होतं. पण तो तोंड उघडून बसलेला पेशंट तिच्या डोक्यात शिरला होता, आणि एकदा काही डोक्यात शिरलं की ते बाहेर काढणं तिला जन्मात जमलेलं नव्हतं. ती सरकून स्टिअरिंगपाशी आली आणि तिने गाडी सुरू केली. तो दातांचा डॉक्टर निघाला. दवाखाना बाजारातल्या चपलांच्या दुकानाच्या वर होता. तिथे पोचल्यावर तिने काळजीने विचारलं, "बराच वेळ उघडं राहिलं तर जबडा दुखत असेल ना त्यांचा?"

"कुणाचा?"

"पेशंटचा."

"अहो, तो अजून घरीच असेल. असं म्हटलं की टॅक्सीवाले पळवतात, म्हणून म्हणायचं."

तिला राग आला. राग आला हे तिने आत नीट तपासून पाहिलं, तर त्याच्याखाली थोडं हसूही सापडलं. ते तिने दाबून टाकलं. दुसऱ्या दिवशी हाच माणूस शाळेच्या दारात उभा होता, छत्री मिटून, आणि म्हणत होता, "मला गाडी शिकवा. निदान टॅक्सी कुठली आणि कुठली नाही, एवढं तरी कळेल."

आता तिच्याबद्दल सांगायला हवं. शाळा तिच्या बाबांची. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून बाबा घरी बसले होते आणि गाडी ती एकटी सांभाळत होती. शिकायला येणारे तिला मागे ब्रेकताई म्हणायचे, आणि ते तिला ठाऊक होतं. कारणही खरंच होतं. दूरवर मांजर दिसलं की हिचा पाय दाबलाच जायचा. विद्यार्थ्याच्या ध्यानात मांजर येईपर्यंत गाडी थांबलेली असायची. बाबा तिला नेहमी सांगायचे, "पाय ब्रेकवर ठेवायचा गं, पण घाई करायची नाही. त्याला चुकायला थोडी जागा दे." तिला ते पटायचं, पण पाय ऐकायचा नाही.

स्वभावही पायासारखाच. कुणी सहज काही बोललं तर ही घरी येऊन त्याचा कीस काढणार. एकदा लग्न अगदी ठरत आलं होतं, बँकेतला मुलगा होता, चांगला होता. तो जाताना म्हणाला, "तुझ्याशी बोलायचं म्हणजे तयारी करून यावं लागतं." मुलगा गेला, वाक्य राहिलं. ते ती अधूनमधून काढून बघायची. घरीही तसंच. आई गेल्यापासून बाबा आणि ती जेवताना रोज आईबद्दल बोलायची, शेवटच्या आजारपणाबद्दल, डॉक्टर काय म्हणाले त्याबद्दल, आपण अजून काय करायला हवं होतं त्याबद्दल. त्या घरात एकमेकांवर माया करायची तीच रीत पडून गेली होती. वरवरचं जगणाऱ्या माणसांचा तिला मनापासून तिटकारा होता, असं ती म्हणायची. थोडा हेवाही होता. तो ती म्हणायची नाही.

आणि हा डॉक्टर म्हणजे सगळंच हसण्यावारी नेणारा. त्याने पहिल्या दिवशी गाडी चार वेळा बंद पाडली, आणि दर वेळी मागच्या गाडीवाल्याला हात जोडून दाखवले.

"सारखे दात काय काढता?" ती वैतागून म्हणाली.

"तोच धंदा आहे."

ती खिडकीकडे तोंड करून बसली, कारण हसू आलं होतं.

काही दिवसांनी त्याने रस्त्याच्या कडेला गाडी घेतली, इंजिन बंद केलं आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "मॅडम, एक तक्रार आहे. इतके दिवस शिकतोय, पण मला अजून एकदाही ब्रेक मारायला मिळालेला नाही."

"तुम्ही वेळेवर मारत नाही."

"वेळ येऊच कुठे देता? माझ्या आधी तुम्हीच घाबरता. मला एकदा तरी माझं माझं घाबरू द्या ना."

तिने पाय मागे घेऊन बघितला. ते तिला वाघाच्या पिंजऱ्याचं दार उघडण्याइतकं अवघड गेलं. गाडी पुढे गेली, चौकात त्याने स्वतः ब्रेक मारला, दोघं पुढे फेकली गेली आणि पट्ट्यांनी त्यांना परत ओढून घेतलं. तो इतका खूश झाला की त्याने स्टिअरिंग सोडून टाळ्या वाजवल्या, आणि तिला पाय पुन्हा पुढे न्यावा लागला.

त्याच्या बोटांना लवंगेच्या तेलाचा वास यायचा. सकाळी दार उघडून तो आत बसला की गाडीभर तो वास पसरायचा. दुपारी तो विरून जायचा, तेव्हा तिला उगाचच काहीतरी हरवल्यासारखं वाटायचं. आरसा नीट करताना तो मान किंचित तिरपी करायचा. त्या आरशात आधी रस्ता दिसावा म्हणून ती तो बसवून द्यायची, आणि डॉक्टर तो थोडा फिरवायचा... मग त्यात रस्त्याऐवजी तीच दिसायची.

"आरसा मागचं बघायला असतो."

"हो, पण शेजारचं जास्त महत्त्वाचं वाटलं."

"परीक्षेत असं करू नका."

"परीक्षक जर असाच दिसत असेल तर सांगता येत नाही."

एकदा सिग्नलला थांबल्यावर त्याने विचारलं, "मॅडम, तुम्ही सुखी आहात?"

"हा काय गाडी चालवताना विचारायचा प्रश्न आहे?"

"थांबलोय ना."

ती विचारात पडली. "सुखी म्हणजे... नक्की काय म्हणायचंय तुम्हाला?"

"झालं. आता सिग्नल सुटेल आणि सुख राहून जाईल." सिग्नल खरंच सुटला. थोडं पुढे गेल्यावर तो म्हणाला, "मला विचाराल तर सुख हे दातासारखं आहे. ठीक असतो तोवर दात आठवत नाही. जीभ सारखी तिथे जायला लागली की समजायचं, काहीतरी बिघडलंय. तुमची जीभ सारखी तिथेच असते."

"आणि जिथे जीभ जातच नाही," ती म्हणाली, "तिथे कीड लागली तरी कळत नाही. ती तुमच्याकडे शेवटी येते, दात काढायची वेळ आल्यावर. हो की नाही?"

त्याने गिअर बदलला. मग म्हणाला, "हे दवाखान्यात भिंतीवर लावायला हवं."

"तुम्हाला कधी वाईट वाटत नाही?"

"वाटतं की. मंगळवारी."

"मंगळवारी काय असतं?"

"अक्कलदाढा."

बस. त्याच्या पुढे काही त्याने ताकास तूर लागू दिली नाही. हा माणूस राहतो कसा, घरी कोण आहे, एकटा असतो तेव्हा काय करतो, हे तिने तऱ्हेतऱ्हेने विचारून पाहिलं. प्रत्येक वेळी त्याने एक गोष्ट सांगितली, ती हसली, आणि घरी गेल्यावर तिच्या लक्षात आलं की उत्तर मिळालेलंच नाही. तरी एका संध्याकाळी जेवताना ती आपण होऊन बाबांना त्याचीच एक गोष्ट सांगून हसली, आणि बाबा घास हातात धरून तिच्याकडे बघत राहिले. "काय झालं?" त्यांनी विचारलं. त्या घरात हसायलाही कारण द्यावं लागायचं.

आपण ह्या माणसाच्या प्रेमात पडलोय, हे तिला कळलं होतं. तिला काळजी एकच होती. ह्या हसण्याच्या खाली कुणी राहतं का? की नुसताच दिवाणखाना आहे, आत खोलीच नाही?

परीक्षा जवळ आली तशी तिने त्याला गाडी मागे घेऊन लावायला शिकवायला घेतलं. मोकळ्या मैदानात दोन रिकामी पिंपं ठेवायची आणि त्यांच्या मधे गाडी उलटी आणून बसवायची. त्या दिवशी तो फार बोलत होता. नजर आरशात आणि जीभ सैल. "...तर तो पेशंट म्हणतो, डॉक्टर, तुम्ही बसवलेला दात मी गिळला, आता तो आतून चावेल का? म्हटलं, चावणार नाही, मी त्याला शिस्त लावून पाठवलाय. पण मला काय, परीक्षा झाली की मी दवाखाना बंद करून आईकडे जातोय, कायमचाच, तिकडे रस्ते रुंद आहेत, पार्किंगची कटकट नाही, आता डावीकडे वळवू का?"

"डावीकडे," ती म्हणाली. तिचे डोळे पिंपावर होते. "अजून... अजून. बस."

गाडी दोन पिंपांच्या बरोबर मधे येऊन थांबली. ती "वा" म्हणाली, तो हसला, तीही हसली, आणि तो दवाखान्यात निघून गेला.

त्याच्यानंतर बाई यायच्या. बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवलं, आता जरा आपण शिकू म्हणून आल्या होत्या आणि गाडीलाही रागे भरायच्या. बाईंनी कोपऱ्यावर गाडी वळवली आणि त्याच क्षणी, कुठलंही निमित्त नसताना, तो शब्द तिच्या मनात वर आला. कायमचाच. जातोय, कायमचाच. परीक्षा झाली की.

गाडी कचऱ्याच्या डब्यावर जाऊन आदळली.

डबा आडवा झाला, झाकण घरंगळत रस्त्याच्या पलीकडे गेलं. बाईंनी चष्मा नीट केला. "ताई, तुम्ही ब्रेक दाबला नाहीत."

"तुम्हीही दाबला नाहीत."

"मला वाटलं, तुम्ही दाबाल. सगळे म्हणतात, ताई दाबतात." मग बाईंनी तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. मुख्याध्यापिकेची नजर ती. "काय झालंय?"

"एक जण सोडून जातोय."

"सांगून की न सांगता?"

"सांगून. पण सांगितलं तेव्हा मला कळलंच नाही."

"मग सांगितलं असं धरू नका," बाई म्हणाल्या. "माझ्या वर्गात शेवटच्या बाकाला कळलं नसेल तर मी तो धडा झाला असं कधी लिहिलं नाही. उतरा आता, डबा उचलू या."

दुपारी ती चपलांच्या दुकानाशेजारचा जिना चढली. दवाखान्याची बाहेरची खोली रिकामी होती. आतलं दार अर्धवट उघडं होतं. मोठ्या खुर्चीत एक लहान मुलगी बसली होती, पाय जमिनीपासून वर, आणि तिची आई भिंतीला टेकून उभी होती. डॉक्टर मुलीशी गप्पा मारत होता. तुझ्या बाकावर शेजारी कोण बसतं? ती डब्यातलं सगळं एकटीच खाते? आणि तुला काय देते, नुसता वास? मुलगी मैत्रिणीवर रागवत होती, तो मान डोलवत होता, आणि त्याचा दुसरा हात खालून हळूच वर येऊन काम करून परत गेला होता.

"आता सुई मारणार?" मुलीने विचारलं.

"केव्हाच मारली."

"मला कळलंच नाही," मुलगी म्हणाली, आणि बाहेर बसलेली ही उठून उभी राहिली. हेच वाक्य सकाळी तिने बाईंना सांगितलं होतं.

मुलगी गाल धरून आईबरोबर गेली. तो हात पुसत दारात आला. "मॅडम? तुम्ही? दात का?"

"दात ठीक आहेत. आत येऊ?"

ती सरळ जाऊन त्या मोठ्या खुर्चीत बसली. दिवा डोळ्यांवर येत होता, त्याने तो बाजूला केला.

"सकाळी तुम्ही मला सुई मारलीत," ती म्हणाली.

"मी? अहो, मी तर फी घेतल्याशिवाय—"

"पिंपांच्या मधे. डावीकडे वळवू का, असं विचारलंत ना, त्याच्या जरा आधी."

तो सवयीने हसला. हसू चेहऱ्यावर आलं, पण तिथे त्याला काही काम सापडेना, म्हणून ते गेलं. "मला वाटलं, तुम्ही ऐकलं नसेल."

"ऐकू नये म्हणूनच तसं सांगितलंत."

"दुखू नये म्हणून," तो म्हणाला. "लोकांना दुखू नये एवढंच बघतो मी. दिवसभर तेच करतो. बोलत राहायचं, माणूस दुसरीकडे बघतो, तेवढ्यात होऊन जातं."

"आणि सुईच्या आधी काय करता? पेशंट आला की सगळ्यात पहिल्यांदा?"

"पहिल्यांदा... विचारतो. कुठे दुखतंय."

"मग?"

"दातांवर एकेक करून हलकेच ठोकून बघतो. दुखऱ्या दातावर आलं की माणूस दचकतो."

"आधीच बधीर केलं तर?"

त्याला प्रश्न कळला. तो गोल स्टुलावर बसला आणि स्टूल थोडं फिरलं. "तर काही कळणार नाही. भलताच दात काढला जाईल."

"मला विचारलंत तुम्ही, कुठे दुखतंय?"

खाली दुकानात कुणीतरी चपला घालून पाहत फेऱ्या मारत होतं, त्याची टपटप वर ऐकू येत होती. तो हातातला नॅपकिन दुमडत बसला. मग बोलायला लागला, आणि तिच्या लक्षात आलं की ह्या माणसाला सांगता येत नाही. विनोद सांगताना सरळ धावणारी जीभ इथे जागोजाग अडखळत होती. त्याची आई अर्धांगाच्या झटक्याने पडली होती, गेल्या वर्षी. तेव्हापासून नीट बोलता येत नव्हतं, एक हात चालत नव्हता. बहीण सगळं करत होती. तो रोज फोन करायचा, आईला हसवायचा आणि फोन ठेवायचा. त्याला वाटायचं, आई बरी आहे, हसतेय म्हणजे बरीच आहे.

"मग बहीण म्हणाली," तो म्हणाला, "तू हसवतोस आणि फोन ठेवतोस. त्यानंतर ती रडते. ते तुला ऐकू येत नाही, मला येतं." तो थांबला. "म्हणून जातोय. तिथे तिला दवाखान्यात ने-आण करायला कुणी नाही, म्हणून गाडी शिकतोय. पहिल्या दिवसापासून हेच होतं. तुम्हाला कसं सांगायचं ते... आणि नंतर तर अजूनच..."

"मला आधी सांगायला हवं होतंत."

"हो."

तो इतकं साधं ‘हो’ म्हणाला की तिचा निम्मा राग गेला. पण त्याचंही काही म्हणणं होतं. "एक सांगू? रागावू नका. सकाळी तुमच्या गाडीत येऊन बसलो की मला बरं वाटतं. मग तुम्ही विचारता, आज काय झालं, असं का वाटतंय. मी कारण शोधायला लागतो, तोवर ते बरं वाटणंच निघून जातं. सगळ्याच गोष्टींना तळ नसतो हो. काही नुसत्याच चांगल्या असतात."

हे तिला लागलं. खरं होतं म्हणून लागलं.

मग त्याने मान वर केली आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, दवाखान्याबाहेरच्या माणसाला, तो प्रश्न विचारला. "मी जातोय... तुम्हाला दुखलं?"

"हो," ती म्हणाली. "खूप. मला तुम्ही आवडता."

त्याच्याकडे ना विनोद होता ना उत्तर. तेवढ्यात बाहेरून कुणीतरी विचारलं, "डॉक्टर आहेत का?" एक आजोबा कवळी रुमालात गुंडाळून घेऊन आले होते. ती खुर्चीतून उठली, आजोबांना जागा दिली आणि जिना उतरून गेली.

त्यानंतरचे दिवस चमत्कारिक गेले. तो रोज यायचा, वेळेवर यायचा, गाडी चांगली चालवायचा आणि गप्प असायचा. तिला हवा होता तसा गंभीर माणूस शेजारी बसला होता, आणि तिला करमत नव्हतं. तो आरसाही फिरवायचा नाही. तिने जे सांगितलं होतं ते दोघांच्या मधे गाडीत बसलेलं असायचं, आणि त्याचं उत्तर काही येत नव्हतं.

शेवटी तिने बाबांना सांगितलं, सगळं, जेवताना. तो जाणार, आपल्याला तो आवडतो, त्याने काही उत्तर दिलेलं नाही. आणि दिलं तरी काय उपयोग, तुम्हाला ह्या गुडघ्यानिशी सोडून आपण कुठे जाणार?

बाबा कधी नव्हे ते ओशाळले. "गुडघ्याचं एक सांगायचं राहिलंय."

"काय?"

"तो बरा आहे. बरा होऊन बराच काळ झाला. तू दुपारी बाहेर असतेस तेव्हा मी बाजारापर्यंत जाऊन येतो."

तिने हातातला घास खाली ठेवला. "मग बोलला का नाहीत?"

"तू इतकी काळजी करत होतीस की, बरा झालो हे सांगायला मला धीर होईना. तुझ्याकडे मग काय राहिलं असतं?" त्यांनी ताट थोडं पुढे सरकवलं. "आपलं दोघांचं चुकतंय बघ. तुझी आई किती हसायची, आठवतं? मी गाडी शिकवायला निघालो की खिडकीतून ओरडायची, गाडी परत आणली नाहीत तरी चालेल, तुम्ही या. आपण रोज तिचं जाणं आठवतो. तिचं हसणं कुणी आठवत नाही. तिला आवडलं नसतं हे." जरा थांबून ते म्हणाले, "शाळा मी बघेन. माझ्यासाठी राहिलीस असं मात्र करू नकोस. ते ओझं मला उचलायचं नाही."

ती रडली, आणि रडता रडता तिला आईचा तो खिडकीतला आवाज आठवून हसूही आलं. त्या रात्री दोघांनी आईच्याच गोष्टी काढल्या, पण हसण्याच्या.

परीक्षेच्या दिवशी आभाळ गच्च भरलेलं होतं, पण पाऊस नव्हता. ती मैदानाच्या कठड्याशी उभी राहिली. डॉक्टर परीक्षकाशेजारी बसून गेला, फिरून आला, गाडी मागे घेऊन लावली आणि पास झाला. परीक्षक उतरून पुढच्या गाडीकडे गेले. ती येऊन त्याच्या शेजारी बसली.

"अभिनंदन, डॉक्टर."

त्याने गाडी सुरू केली नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच होते. "त्या दिवशी मी काही बोललो नाही."

"पेशंट आला होता."

"त्याला बसवून ठेवता आलं असतं. कवळी हातात होती, कुठे पळणार होता तो?" तो हसला नाही. "मला बोलताच आलं नाही. तेव्हापासून रोज घरी म्हणून बघतोय. दर वेळी नीट सुरू होतं, आणि शेवटी विनोद येतो."

"आत्ताही येतोय?"

"येतोय. पण मी तो करत नाहीये." त्याने श्वास घेतला. "मला आईकडे जायचंय. ती माझी आई आहे, आणि बहीण दमलीय, आणि मी उशीर केलाय. आणि मला तुम्हाला सोडून जायचं नाहीये. दोन्ही खरं आहे. ते एकत्र कसं बसवायचं, मला कळत नाही. मला... भीती वाटते." त्याचे डोळे भरले होते, आणि ते त्याने तिच्यापासून लपवले नाहीत.

म्हणजे आत खोली होती. दिवा लावायला कुणी गेलं नव्हतं, इतकंच. पूर्वीची ती असती तर तिने त्या भीतीचा पदर न पदर उलगडून बघितला असता, कुठली भीती, कधीपासून, माझी की आईची. पडदा निवडायचा तरी ती आठवडा घ्यायची.

"हो," ती म्हणाली.

"हो काय? मी अजून विचारलं नाही."

"विचाराल तेव्हा पुन्हा म्हणेन."

तो डोळे पुसायचे विसरून तिच्याकडे बघायला लागला. "अहो, विचार तरी करा. तुमचे बाबा, शाळा, माझी आई... सोपं नाहीये ते. ती रागावते, वस्तू फेकते—"

"बाबांचा गुडघा ठणठणीत आहे. शाळा ते बघतायत. कालच बाईंनी विचारलं, तुमचे बाबा ओरडतात का, म्हणजे मला आधीच ओरडून ठेवता येईल." ती थोडी त्याच्याकडे वळली. "सोपं नाही, हे मला कळतं. अवघड गोष्टी मला जमतात. सोप्याच जमत नाहीत, त्या तुम्ही शिकवा. बरं, तुमच्या गावात गाडी शिकवणारं कुणी आहे?"

"एक आहे. तो गाडीबाहेर उभा राहून शिकवतो."

"विनोद करणार नव्हतात तुम्ही."

"विनोद नाही हो. तो खरंच बाहेर उभा राहतो. त्याचं म्हणणं, आत बसायची भीती वाटते."

ती हसायला लागली. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, कारण न शोधता हसली. तोही ओल्या डोळ्यांनी हसत होता, आणि पलीकडच्या गाडीतल्या परीक्षकांनी काच खाली करून काही झालंय का म्हणून पाहिलं.

हसणं ओसरलं. तिने हात पुढे केला, त्याने तो धरला. मग त्याने विचारलं. पूर्ण वाक्यात, ‘तू’ म्हणून, तिच्याकडे बघत, आवाज कापत होता तरी शेवटपर्यंत. तिला त्यातला शब्द न शब्द कळला. ती पुन्हा हो म्हणाली.